बाबांच्या टँकमध्ये पाच इंच वाळू

धायरीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे, त्याचा सारांश असा. वय 44, नोकरी चाकणला. घरात पाच वर्षांपासून खाऱ्या पाण्याचा टँक आहे: चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. तळाला इंचभर कोरलचा चुरा, सिरॅमिकचे दगड. क्लाउन माशांची जोडी, एक यलो टँग, दोन डॅमसेल आणि वाळू चाळणारा एक गोबी. खाली सम्प आहे, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी, आणि त्यात स्किमर, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी पाण्यातली घाण वेगळी करणारं यंत्र. टँक आणला यांनी, पण सांभाळतात 72 वर्षांचे वडील. दर रविवारी सकाळी सहाला उठून ते 40 लिटर पाणी बदलतात आणि त्या कामाला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. तरीही माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं नायट्रेट 80 पीपीएमच्या (लिटरमागे 80 मिलिग्रॅमच्या) खाली येत नाही. गेल्या महिन्यात बादली उचलताना वडिलांच्या कमरेत उसण भरली. जानेवारीअखेर हे वाचक कंपनीच्या कामासाठी दीड वर्ष जर्मनीला जाणार आहेत. खोल वाळूचा थर घातला की नायट्रेट आपोआप उतरतं आणि पाणी बदलावं लागत नाही, असं त्यांनी वाचलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत एकदमच पाच इंच वाळू घालून टाकावी, असा बेत आहे. पत्नी म्हणते, टँक विकून टाका. वडील म्हणतात, तुला योग्य वाटेल ते कर. वाळू कोणती घ्यावी, दापोलीला गाव आहे तर तिथूनच आणली तर चालेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी तारखांचं बघू. दिवाळीत वाळू घातली आणि जानेवारीअखेर तुम्ही निघालात, तर त्या वाळूला जेमतेम तीन महिने मिळतात. खोल थर नीट कामाला लागायला सहा महिने तरी जातात, पुरता मुरायला वर्ष. म्हणजे थर सगळ्यात कच्चा असेल, वाळूवर तपकिरी थर चढत असेल, अमोनिया कधी वर येईल याचा भरवसा नसेल, नेमक्या त्या दिवसांत तुम्ही तिकडे आणि बाबा इकडे. म्हणून माझं उत्तर सुरुवातीलाच देतो: मोठ्या टँकमध्ये या दिवाळीत पाच इंच वाळू घालू नका. खोल थर ही वाईट पद्धत आहे म्हणून मी हे म्हणत नाही. मला ती फार आवडते. पण ती कशासाठी आहे हे समजून घेतलं, तर तुमच्या घरात आत्ता तिची गरज नाही, हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

माझ्याकडे कोथरूडच्या घरात पाच इंची थर सात वर्षं होता. रात्री दिवे मालवल्यावर मी लाल उजेडाची टॉर्च घेऊन काचेपाशी खाली बसायचो. वरचा बोटभर थर फिका, मारी बिस्किटाच्या रंगाचा. त्यात केसाएवढी बिळं, आणि बिळांतून बाहेर आलेल्या कृमींच्या बारीक मिशा पाण्यात हलत असायच्या. जिऱ्याएवढे कवचधारी जीव वाळूवरून तुरुतुरु पळायचे. त्याखाली करडा पट्टा आणि त्यात काचेला चिकटून मोहरीएवढे बुडबुडे. एका कोपऱ्यात, जिथं दगड वाळूत रुतला होता तिथं, काजळासारखा काळा डाग.

सगळं शास्त्र त्या काचेवर मांडलेलं होतं. माशांच्या शेणामुतातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. वरच्या, प्राणवायू असलेल्या थरातले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. एवढं काम तुमच्या सिरॅमिकच्या दगडांवरही होतं. पुढचं काम मात्र प्राणवायू जवळजवळ संपलेला असेल तिथंच होतं. तिथले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून घेतात आणि मागे साधा नायट्रोजन वायू उरतो. ते मोहरीएवढे बुडबुडे मुख्यतः त्याचे. आणखी खाली, जिथं नायट्रेटही पोचत नाही, तिथं वेगळे जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यांचा वास येणारा हा वायू माशांना विषारी आहे. काळा डाग त्याचाच, लोखंडाशी संयोग झालेला. डाग जागच्या जागी असेल तोवर घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते हलवायला.

मी तो हलवला होता. घर बदलायचं होतं, टेम्पो खाली उभा होता. अर्धं पाणी पिंपात काढलं, उरलेल्या पाण्यातून वाळू हातानं उपसली आणि वासानं खोली भरून गेली. तेच पाणी मी नव्या घरी टँकमध्ये परत ओतलं. पहाटेपर्यंत क्लाउनची जोडी गेली. नऊ वर्षं माझ्याकडे होती ती. त्या वासाचा अर्थ मला तेव्हाही माहीत होता, फक्त मी थांबलो नाही. तुमच्या पत्रातला "एकदमच" हा शब्द वाचून मला ती सकाळ आठवली. तुमच्या तळाला पाच वर्षांचा चुरा आहे. त्यात काय साठलं आहे ते तुम्हाला दिसत नाही. त्यावर चार इंच बारीक वाळू घातली की तो सगळा मळ प्राणवायूविना गाडला जाईल, आणि काळा डाग कोपऱ्यात न राहता तळभर पसरेल.

आता तुम्ही जे वाचलं त्याबद्दल. त्यात खोटं काही नाही, अर्धं आहे. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉन शिमेक या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञांनी ही पद्धत घराघरांतल्या टँकपर्यंत नेली. त्याआधी मोनाकोत जाँ जोबेर यांनी वाळूखाली पाण्याची पोकळी ठेवून असंच काम करून दाखवलं होतं. शिमेक स्वतः अपृष्ठवंशीय प्राण्यांचे अभ्यासक. त्यांचा सगळा भर वाळूतल्या जिवांवर होता. कृमी आणि ते बारीक कवचधारी वाळू सतत खालीवर करत राहतात, म्हणून पाणी आत झिरपतं आणि थर घट्ट होत नाही. ते जीव गेले की उरतो तो नुसता मळ साठवणारा ढीग. आपल्याकडे सोसायटीच्या कंपोस्ट खड्ड्याचं होतं तेच: किडे आणि हवा असेल तोवर मातीचा वास, नसली की नाक धरावं लागतं.

मग तुमच्या गोबीचं काय? तो वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून गाळतो ते सफाई म्हणून नव्हे, वाळूतले हेच जीव खाण्यासाठी. तुमच्या आकाराच्या टँकमध्ये काही महिन्यांत तो थर निर्जीव करून टाकेल आणि मग स्वतः खंगत जाईल. दुकानात वाळू साफ करणारा म्हणून जो तारामासा देतात त्याचंही हेच. परदेशी व्हिडिओंत यावर समुद्रकाकडी सुचवतात. आपल्याकडे ती वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 खाली संरक्षित आहे, प्रवाळ आणि समुद्रघोड्यांसारखीच. कुणी गुपचूप देऊ केली तरी घेऊ नका.

दुसरं असं की वाळू नायट्रेटचा वायू करून बाहेर घालवते, खाण्यातूनच येणाऱ्या फॉस्फेटचा नाही. फॉस्फेट कॅल्शियमच्या वाळूला चिकटून बसतं आणि काही वर्षांनी परत पाण्यात उतरू लागतं. म्हणजे पाच इंच वाळू घातली तरी पाणी बदलणं सुटत नाही. कमी होतं. तुम्हाला हवी होती ती सुटका या पद्धतीत नाहीच.

पण तुमचं नायट्रेट 80 वर का अडकलं आहे? इथं एक साधं गणित करू. दगड आणि चुरा वजा करता टँक आणि सम्प मिळून तुमच्याकडे साधारण 200 लिटर पाणी असेल. बाबा 40 लिटर बदलतात, म्हणजे पाचवा भाग. 80 चा पाचवा भाग 16. रविवारी 80 चं 64 होतं आणि पुढच्या रविवारी पुन्हा 80. याचा अर्थ दर आठवड्याला कुठून तरी 16 पीपीएम नायट्रेट आत येतं आहे. ते कुठून येतं हे न शोधता वाळू घालणं म्हणजे नळ चालू ठेवून पुसायला फडकं आणणं.

मला तीन जागांचा संशय आहे, आणि तिन्ही तुमच्याच पत्रात आहेत.

तुम्ही लिहिता, मीठ कालवायला घरच्या आरओचं पाणी आणि रोजच्या भरीला नळाचं. धायरीत बऱ्याच सोसायट्यांत नळाला टँकरचं किंवा बोअरचंही पाणी येतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं आपलं भारतीय मानक सांगतं. म्हणजे पिण्याला योग्य असलेलं पाणीही टँकसाठी वाईट असू शकतं. समजा तुमच्या नळाला 30 आहे. एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या कोरड्या हवेत, वर पंखा लावलेला असेल तर, चार फुटी टँकमधून दिवसाला तीन-चार लिटर पाणी सहज उडतं. उडतं ते नुसतं पाणी, नायट्रेट मागेच राहतं. चार लिटरमागे 30 या हिशोबानं 200 लिटरमध्ये रोज 0.6 ची भर पडते, आठवड्याला चारच्या वर. तुमच्या सोळातले चार इथंच गेले. घरच्या आरओचीही एक गोम आहे. चव यावी म्हणून बऱ्याच यंत्रांत टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, वाढवणारा एक स्क्रू असतो, तो गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी मिसळतो. आपल्याला चव येते, टँकला नायट्रेट मिळतं. तंत्रज्ञाला बोलावून टँकसाठी त्या मिश्रणाच्या आधीच एक वेगळी नळी काढून घ्या. टीडीएस मीटरवर दहाच्या आत आकडा यायला हवा, आणि भर घालायचं पाणीही तेच.

दुसरी जागा स्किमर. आवाज होतो म्हणून रात्री बंद ठेवता, असं तुम्ही ओघात लिहून गेलात. तो बंद असतो ते आठ-नऊ तास घाण पाण्यातच कुजते. आणि रात्रीच पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा स्किमरची हवा सगळ्यात जास्त लागते. आवाजाचं कारण बहुधा हवेच्या नळीच्या तोंडाशी साठलेलं मीठ असेल. कोमट पाण्यात नळी बुडवून ते विरघळवा. मग पंपाखाली जाड स्पंजचा तुकडा ठेवून सम्पचं दार लावून बघा. फिल्टरचा पांढरा स्पंज महिन्यातून एकदा धुता तो दर तीन दिवसांनी धुवा. स्पंजमध्ये अडकलेला मळ टँकच्या बाहेर गेलेला नसतो, तो फक्त डोळ्यांआड असतो.

तिसरी जागा जरा नाजूक आहे. बाबा दिवसातून चार वेळा खायला घालतात, मंडईतून आणलेली कोळंबी स्वतः वाटून. कोळंबी उत्तम. पण वाटल्यावर जो दुधाळ रस निघतो, तो माशांच्या पोटात जात नाही, सरळ पाण्यात जातो. वाटण्याऐवजी सुरीनं बारीक चिरा, चहाच्या गाळणीत घेऊन आरओच्या पाण्याखाली धुवा आणि चिमटीनं थोडं थोडं सोडा. चार वेळांच्या दोन करा, एक वेळ टँगसाठी नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाचा, तुकडा काचेला क्लिपनं लावा. बाबांना हे "तुम्ही जास्त घालता" असं सांगू नका. नोरी त्यांच्या हातात द्या. टँग ती कशी ओढून ओढून खातो ते बघण्यात त्यांचा वेळ आनंदात जाईल.

आता चुऱ्याकडे येतो, कारण तुमच्या तळाचं काहीतरी करायला हवं हे मला पटतं. कोरलचा चुरा साबुदाण्याएवढा जाड असतो. त्याच्या फटींत मळ आरामात शिरतो, पण इंचभर खोलीत प्राणवायू पोचत राहतो म्हणून नायट्रेट तोडणारे जिवाणू फारसे वसत नाहीत. म्हणजे खोल थराचा फायदा नाही, उघड्या तळाची स्वच्छताही नाही. तो काढा. पण एकदम नको, चार हप्त्यांत. दर दोन आठवड्यांनी, पाणी बदलतानाच, जाड नळीनं एका कोपऱ्यापासून चौथा भाग पाण्यासकट ओढून बाहेर घ्या. हात घालून उपसू नका. वास आला तर तिथंच थांबा, पंप आणि स्किमर पूर्ण जोरात चालू ठेवा, पाणी शुद्ध करणारा ताजा कार्बन (सक्रिय कोळसा) लावा. प्रत्येक हप्त्यानंतर दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी अमोनिया तपासा. शून्याच्या वर दिसला तर पुढचा हप्ता लांबवा. आत्ता सुरू केलंत तर डिसेंबरच्या सुरुवातीला तळ मोकळा होईल. पण एक ध्यानात घ्या, चुरा गेल्यावर गोबीला चाळायला काही उरणार नाही. रव्यासारखी बारीक वाळू बोटभर, एका पसरट काचेच्या भांड्यात, कोपऱ्यात ठेवा आणि त्याला हातानं खाऊ घाला. नाहीतर ज्याच्याकडे मोठा, जुना वाळूचा टँक आहे अशा कुणाला तो द्या. माझ्या मते देणं बरं.

एवढं केल्यावर नायट्रेट किती उतरेल ते मी आकड्यात सांगणार नाही, ते तुमच्या तीन जागांपैकी कोणती किती गळते यावर आहे. पण तुमच्याकडे नुसते मासे आहेत. प्रवाळांसारखा त्यांना 20 ते 40 पीपीएमपर्यंत त्रास होत नाही. शून्य गाठायचा हट्ट धरायचं कारण नाही.

आणि तरीही वाळूचा मोह असेलच, कारण तो मलाही होता, तर तो सम्पमध्ये पुरवा. खाण्याच्या पदार्थांची असते तशी 20 लिटरची बादली घ्या, काठाखाली दोन-तीन इंच सोडून ॲरागोनाइटच्या (कॅल्शियम कार्बोनेटच्या) बारीक वाळूनं भरा, आणि सम्पचं गाळलेलं पाणी तिच्यावरून वाहतं ठेवा. प्रवाह जरा जोरात हवा, म्हणजे वर मळ बसत नाही. उजेड नको. त्या बादलीत नायट्रेट तोडण्याचं तेच काम होतं, आणि काही बिघडलं तर दोन नळ्या काढून बादली बाजूला ठेवता येते. टँकमधले पाच इंच असे बाजूला ठेवता येत नाहीत. फक्त बादली सम्पच्या आतच बसवा. बाहेर ठेवलीत तर वीज गेल्यावर पाणी फरशीवर येऊ शकतं, आणि ते पुसायला बाबा वाकतील.

विजेचा विषय निघालाच आहे तर: आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जातात हे तुम्हाला सांगायला नको. खोल थराला स्वतःलाही प्राणवायू लागतो. पंप बंद पडले की मासे आणि वाळू एकाच पाण्यातून श्वास घेतात. वाळू घाला किंवा नका घालू, बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप जायच्या आधी घरात असू द्या, आणि तो कसा लावायचा ते बाबा आणि पत्नी दोघांनाही करून बघू द्या.

दापोलीच्या वाळूबद्दल माझं उत्तर: नको. किनारा नियमन क्षेत्रातून वाळू उचलायला कायद्यानं बंदी आहे. ती नसती तरी मी नको म्हणालो असतो. आपल्या कोकणच्या वाळूत बेसॉल्ट आणि जांभ्याचा भुगा असतो, रत्नागिरीच्या बाजूला इल्मेनाइटचे काळे, लोहयुक्त कण असतात, शिवाय खाड्यांतून येणारा गाळ आणि होड्यांचं डिझेल. बांधकामाची क्रश सँड तर मुळीच नको. दुकानातली कोरडी ॲरागोनाइट वाळू घ्या, बारीक रव्यासारखी. ती मेलेली असते म्हणून लोक नाक मुरडतात, पण त्याला उपाय आहे. निरोगी जुना टँक असलेल्या ओळखीच्या माणसाकडून वाटीभर ओली वाळू आणा आणि वर पसरा. विरजणासारखी ती लागते.

जे वाचक नवीन टँक मांडत आहेत, दोन-तीन वर्षं तरी घर बदलणार नाहीत आणि वाट बघायला तयार आहेत, त्यांनी खोल थर जरूर करावा. त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दगड आधी काचेवर किंवा पीव्हीसीच्या तिवईवर बसवा, मग भोवती वाळू. वाळूवर ठेवलेले दगड बिळं करणाऱ्या जिवांमुळे कोसळतात. भरलेल्या टँकमध्ये वाळू वाढवायची असेल तर एका वेळी इंचभर, मध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्या. वाळू धुऊन, ओली करून, जाड पाइपातून थेट तळाशी सोडा आणि तेवढा वेळ पंप बंद ठेवा. वजनाचाही विचार करा. वर लिहिलेल्या मापाच्या टँकमध्ये एक इंचाचे पाच इंच करायला साधारण 54 लिटर वाळू लागते, ऐंशी-पंच्याऐंशी किलो. ती 30 लिटरच्या आसपास पाणी बाहेर सारते, म्हणून स्टँडवर निव्वळ भर पन्नास-पंचावन्न किलोंची पडते. पाणी तेवढं कमी झालं की मीठ, तापमान, सगळंच लवकर हलतं, आणि दीड फुटी टँकमध्ये माशांना पोहायला फूटभरच उंची उरते. खोल थर शोभतो तो दोन फुटी उंचीच्या टँकला.

धायरीकडे परत येतो. तुमच्या पत्रात नायट्रेट पाच वेळा आलं आहे, बाबांची कंबर एकदा. माझ्या मते कारण कंबरेचं आहे आणि नायट्रेट हे निमित्त. बाबांनी बादल्या उचलू नयेत असं तुम्हाला वाटतं, आणि ते अगदी रास्त आहे. पण त्यासाठी वाळू लागत नाही, पिंप लागतं. साठ लिटरचं पिंप चाकांच्या ठोकळ्यावर टँकशेजारी ठेवा. आरओची नळी थेट त्यात सोडा, मीठ त्यातच कालवा, छोटा पंप टाकून रात्रभर फिरू द्या. रविवारी टँकचं पाणी लांब नळीनं सरळ बाथरूमच्या मोरीत, आणि पिंपातलं पाणी त्याच पंपानं टँकमध्ये. एकही बादली उचलायची नाही. नळीच्या दोन्ही टोकांना तोट्या लावा, म्हणजे वाकून नळी चिमटीत दाबून धरावी लागत नाही.

आणि हे काम कमी व्हावं असं बाबा कधी म्हणाले का? पत्रात तसं वाक्य मला सापडलं नाही. सापडलं ते असं, की ते सहाला उठतात आणि कुणाला हात लावू देत नाहीत. "तुला योग्य वाटेल ते कर" हे आपल्याकडे वडील कधी म्हणतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मुलगा दीड वर्ष लांब जाणार आहे. जाता जाता त्यानं रविवारची सकाळही काढून घेतली, असं त्यांना वाटू नये एवढंच मला वाटतं. त्यांना विचारा. सम्पचं दार उघडून, दोघं खाली बसून विचारा. जेवणाच्या टेबलावर नको.

पत्नीलाही विचारा, पण वेगळं विचारा. टँक विका असं त्या म्हणतात त्यामागे मासे नकोसे झाले आहेत असं नसावं. वीज गेली, पाणी सांडलं, बाबांना पुन्हा उसण भरली, तर सगळं त्यांच्या अंगावर येणार आहे, आणि पत्रात त्यांच्या वाट्याला एकच ओळ आली आहे. गुरुवारी काय करायचं, मीठ किती घालायचं, कुणाला फोन करायचा, हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सम्पच्या दाराला आतून चिकटवा. पुण्यात जवळपास राहणारा एखादा टँकवाला मित्र महिन्यातून एकदा येऊन जाईल असं ठरवा आणि त्याला एकदा घरी जेवायला बोलवा. त्यानंतरही त्या नको म्हणाल्या, तर टँक दीड वर्षासाठी कुणाकडे ठेवायला देण्याचा विचार करा. तोही मार्ग खुला आहे आणि त्यात कुणाची हार नाही.

या रविवारी एकच करा. तीन स्वच्छ परीक्षानळ्या घ्या: एकीत टँकचं पाणी, दुसरीत आरओचं, तिसरीत नळाचं. नायट्रेटच्या बऱ्याच द्रव किटमध्ये दुसऱ्या कुपीतलं रसायन तळाशी बसतं. ती अर्धा मिनिट जोरानं हलवली नाही तर आकडा खोटा येतो, तेव्हा ती तुम्ही हलवा. बाबांना नळ्या खिडकीशी नेऊन रंग वाचायला सांगा. ट्यूबलाइटखाली केशरी आणि लाल यांत फरक कळत नाही. तिन्ही आकडे मला लिहून पाठवा.